टाचेची चाकं

“पोरगी अजून रडली नाही, पाह्यलं काय?”

“इंग्रजी शाळेत शिकेल हाय ना ते. सुट्टी भेटन तवा रडन.”

आतल्या खोलीत बायका हळूच हसल्या. मी दाराबाहेर ओसरीवर बसले होते. बाबांना जाऊन दहावा दिवस होता. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. भूकसुद्धा जेवणाची वेळ झाली म्हणून लागत होती.

अंगणात चुलतभावाची सात वर्षांची मुलगी एक गाडी ढकलत होती. तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा सांगाडा, सांध्यांत खुपसलेले बाभळीचे काटे, ढकलायला एक लांब काठी, छत्रीच्या काडीचा आस आणि निळ्या रबराची दोन चाकं. तो निळा रंग मी ओळखला. बाबांची चप्पल.

“इतकी गोल कशी कापलीस?” मी विचारलं.

“बांगडी ठेवली, पेन फिरवला, मंग ब्लेडनं कापलं. पण आत्या, हे टाचेचं चाक घासेल हाय. गाडी एकाच अंगाले वढते.” तिने ढकलून दाखवलं. गाडी तुळशीकडे वळली. “दुसरी चप्पल भेटली तं चार चाकं होतीन. मंग सीधी चालन.”

बाबा, तिचे आबा, टाच घासत चालायचे. ते घरात शिरायच्या आधी तो आवाज यायचा.

दुसरी चप्पल गाठोड्यात होती. कपडे, चष्मा, पट्टा, सगळं आज नदीवर सोडायचं होतं. माझी थोरली काकू, मोठी आई, गाठोडं घेऊन बाहेर आली. तिची नजर चाकांवर गेली.

“अवो माय! मेलेल्या माणसाची चप्पल कापली? आण इकडं ते!”

“नाई देत. म्या बनवली.”

“कार्टे, भूत बसन त्या गाडीवर!”

“बसू दे ना. आबाच तं हायेत.”

मोठ्या आईने गाडी धरली. मुलगी काठीला लोंबकळली. एक काटा निखळून पडला. फाटकाबाहेर पुरुषमंडळींनी नदीवर जायला गाड्या सुरू केल्या होत्या. मोठ्या आईने माझ्याकडे पाहिलं. बाप माझा होता. तिला मी आजवर ‘हो’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी ओसरीवरून उठले.

“मोठी आई, सोड तिची गाडी. आणि ती दुसरी चप्पल पण काढून दे तिला.”