दाखल करणारा : सख्खा भाऊ

शरयूआत्या गेल्याचं तिच्या शेजारणीने ॲन आर्बरहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, गाडीवरचा बर्फ खरवडत होते. पहिला विचार आला, चला, आता बाबांना छळणारं कोणी उरलं नाही... दीड महिना झाला, तो विचार मी लपवत नाही. आत्या मला आवडायची नाही. ती उद्धट होती, समोरच्याचं बोलणं तोडायची, आणि माझी मुलगी इंग्रजीत बोलली की ऐकूच न आल्यासारखं करायची.

मिशिगनमध्ये जन्मभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलेली, लग्न न केलेली ही बाई २००२ मध्ये रिटायर झाली आणि घराण्याच्या मागे लागली. तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, गोदावरी नावाची बहीण होती. ती यात्रेला गेली आणि पटकीने वारली, एवढंच आम्हाला माहीत. "कुठली यात्रा? श्राद्धाची तिथी कोणती?" आत्या एकेका म्हाताऱ्या नातेवाइकाला फोन करून विचारायची. लोक फोन आपटायचे. शेवटी एक काका चिडून म्हणाले, "वेड्यांच्या इस्पितळात होती ती! झालं समाधान?"

नव्हतंच झालं. भर थंडीत बसने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन तिने राणीच्या काळातले वेड्यांच्या इस्पितळांचे अहवाल वाचून काढले. अहवालांत नावं नव्हती, म्हणून भारतातल्या त्या इस्पितळांना पत्रं लिहिली. उत्तर येईना तेव्हा स्वतः गेली आणि तोंडाला रुमाल बांधून दोन आठवडे जुन्या रजिस्टरांत बसली. २००४ च्या थँक्सगिव्हिंगला ती एक शिक्का मारलेला कागद घेऊन आमच्याकडे आली. जेवायला बसणार, तेवढ्यात तिने तो मराठी करून वाचायला सुरुवात केली. "गोदावरी, वय एकोणीस, विधवा. लक्षणं : केस काढू देत नाही, मोठ्याने वाद घालते. काम : दळण. दाखल करणारा : सख्खा भाऊ. दाखल झाल्यापासून अकराव्या वर्षी क्षयाने मृत्यू."

बाबा ओरडले, "आजोबांनी मुलींची शाळा काढली होती, ताई!"

"काढली ना. बहिणीला कोंडल्यावर चार वर्षांनी."

मी मध्ये पडले. "आत्या, काळच तसा होता गं. आता कशाला उकरतेस?"

"इथे काळाची सही नाहीये," ती म्हणाली. "माझ्या आजोबांची आहे."

बाबांनी तिला निघून जायला सांगितलं. ती न जेवता टॅक्सीने गेली, आणि मी तिला थांबवलं नाही. पुढची तीन वर्षं एकही फोन नाही, ना तिचा, ना आमचा.

शोकसभेत बाबा "माझी प्रेमळ ताई" म्हणाले, लोकांनी डोळे पुसले. मला किळस आली... त्यांची, आणि खाली मान घालून बसलेल्या माझीही.

मग तिचं अपार्टमेंट रिकामं करायला मी एकटीच गेले. रजिस्टरच्या त्या पानावर आणखी अकरा बायका होत्या, हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. किंवा आम्ही सांगू दिलं नव्हतं. तिच्या टेबलावर अकरा फायली होत्या, प्रत्येकीवर एक नाव आणि गाव. आत वंशजांना लिहिलेली पत्रं. त्यातल्या दोघींच्या घरून उत्तरं आली होती. एका वृद्ध गृहस्थांनी लिहिलं होतं, 'आमच्या आजीच्या आईचं नाव आम्हाला आज कळलं.' मी फायलींवर डोकं ठेवून रडले. आत्यावरचा राग मात्र गेला नाही. निदान हे तरी ओरडून सांगायचं होतंस...

ते टेबल आता माझ्या बेसमेंटमध्ये आहे. तिचं टपाल मी माझ्याकडे वळवून घेतलं. गेल्या आठवड्यात नागपूरहून तिच्या नावाने पत्र आलं, 'आमच्या घराण्यात अशी कोणतीही बाई नव्हती. पुन्हा पत्र पाठवू नये.' मी तिच्याच खुर्चीत बसून उत्तर लिहिलं.

'होती. नोंदीची नक्कल सोबत जोडली आहे. मी पुन्हा लिहीन.'