देवी येऊन गेली

आमच्या घरात देवाची तसबीर नव्हती. आम्ही पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. अशा घरातली मी मुलगी सिनेमात गेले, आणि थट्टा बघा, मला कामं मिळाली ती देवीचीच. पुढे एका कॅलेंडरसाठी शालू नेसून, मुकुट घालून उभी राहिले. ते कॅलेंडर खाडीकाठच्या कोळीवाड्यात घरोघर लागलं आणि बायका त्याला हळदकुंकू वाहू लागल्या.

नुसतं दिसण्याचा कंटाळा आला तेव्हा मी मुलांच्या आरोग्याच्या कामाला लागले. त्या वर्षी देवीची साथ होती. रोगाचं नाव देवी, लस टोचण्यालाही देवी काढणं म्हणायचे, आणि लोकांच्या लेखी मीही देवी. टोचणाऱ्याला बघून आया पोरं लपवत, म्हणून मला पुढे केलं. मलाही वाटलं, चला, हा चेहरा एकदा तरी सत्कारणी लागेल.

कोळीवाड्यात शिरले आणि ओरड झाली, "देवी आली! देवी आली!" मला वाटलं, कुणाच्या तरी घरी रोग निघाला. बघते तर बायका माझ्याच पाया पडायला धावत होत्या.

त्यांतली एक कोळीण मला हाताला धरून घरी घेऊन गेली. कडेवर तान्ही, आणि थोरली मुलगी अंगणात सुका बोंबील चघळत बसलेली. शेजारच्याच घरात मुलाला देवी आल्या होत्या.

"दोघींना आजच टोचून घे गं," मी म्हणाले.

"आता कशाला? तुमी सोता आलाव ना घरा," असं म्हणून तिने माझा हात थोरलीच्या डोक्यावर ठेवला.

मी भडकले. "अगं बाई, मी देवी नाही! तेल्याची मुलगी आहे, इथल्याच पनवेलची!"

ती गालातल्या गालात हसली. देवी अशीच परीक्षा बघते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टोचणारा दारात येईपर्यंत तिने दोन्ही मुली मागच्या दाराने बाहेर पोचवल्या होत्या.

काही दिवसांनी मी पुन्हा गेले, टोचणाऱ्याला सोबत घेऊनच. देवी आलेल्या घराला लावतात तसे दाराला कडुलिंबाचे डहाळे होते. थोरली गेली होती.

आई रडत नव्हती. रडलं तर देवी कोपते म्हणे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या माझ्याच चित्राखाली बसले होते. ते फाडावं आणि स्वतःचं तोंडही ओरबाडावं असं वाटत होतं. तिने उठून तांदूळ-नारळाने माझी ओटी भरली.

"तुमीच दिली, तुमीच नेली. माजा राग नाय," ती म्हणाली.

मी तान्हीला घ्यायला हात पुढे केले. ती झटकन मागे सरली, पोरीला पदराखाली घेतलं आणि हात जोडले.

"हिला नको हात लावू, आई. येवडी एकच हाय आता."