लाल बल्बचा जोड

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर काही महिन्यांनी घनसावंगीच्या रस्त्यावर माझ्या कारमध्ये इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती. जालन्याच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने स्कॅनर लावला. स्टिअरिंग किती वळलं हे सांगणाऱ्या सेन्सरशी संपर्क तुटला होता.

फ्यूज शाबूत होता. मग त्याने स्टिअरिंगखालचं कव्हर काढून सेन्सरच्या प्लगला मीटर लावला. तिथपर्यंत करंटच येत नव्हता. वायर चाचपत तो एका जागी थांबला.

“भाऊ, कारला टॅक्टर समजून राह्यले का?”

दसऱ्याच्या पूजेला दादांनी डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोला लाल बल्ब बसवला होता. ट्रॅक्टरवर करत तसंच, हाताला लागली ती वायर सोलून त्यांनी बल्बची तार तिला पिळली आणि वर हिरवी टेप गुंडाळली. त्या टेपखाली आता वायर गंजून तुटली होती.

“बल्ब काढून टाकू?”

“न्हाई, राहू द्या.”

“मंग दुसरीकडून करंट देतो. पण हा जोड कापावाच लागंल.”

मी टेपवर क्षणभर बोट ठेवलं आणि हात बाजूला घेतला.

पिवळा दिवा गेला. परतताना लाल बल्ब स्थिर जळत होता. पूर्वी खड्डा आला की तो विझायचा, आणि शेजारी बसलेले दादा त्याला टिचकी मारून म्हणायचे, “झोपू नको, घर आलं.”

आता त्याची गरज नव्हती. तरी आमच्या कुंभार पिंपळगावच्या अलीकडे मी एकदा टिचकी मारली.