सुताला न चिकटणारं एन्झाइम

कॅनडाला निघालो त्या सकाळी बाबा ठाण्याच्या खाडीवर होडीला डांबर लावत बसले होते. टॅक्सी आली तरी हात थांबला नाही. पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "दोन वर्सांत ये. होडीला दोन मानसं लागतात." परत येऊन डोंबिवलीच्या कारखान्यात नोकरी धरायची आणि रविवारी त्यांच्याबरोबर जाळं टाकायचं, असं आमचं ठरलं होतं. तोवर ते दुसऱ्याच्या होडीवर जाणार होते.

माझ्या बॅगेत खाडीतलाच एक बॅक्टेरिया होता. चिखलात कुजलेल्या जुन्या सुती जाळ्यातून तो मी एमएस्सीला असताना वेगळा केला होता. कापसातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम तो बनवायचा. आईला भारी गंमत वाटायची. "मेल्या, आमची जाली खाल्ली त्यालाच पोसतोस व्हय?"

तिकडच्या लॅबमध्ये त्याचा जीन ई. कोलाय या दुसऱ्या बॅक्टेरियात घातला. एन्झाइम भरपूर मिळालं. मी खुशीत घरी फोन केला. पण तपासत गेलो तसा हिरमुसलो. त्याला उष्णता पूर्वीइतकी सोसत नव्हती. विरघळलेलं सेल्युलोज झटपट कापायचं, पण सुताच्या धाग्याला चिकटेचना. मूळ बॅक्टेरिया एन्झाइमच्या शेपटीवर साखरेचे रेणू चढवतो. ई. कोलाय चढवत नाही, आणि मग त्याचीच दुसरी एन्झाइम्स ती उघडी शेपटी छाटतात. धागा धरायचा तो त्या शेपटीनेच. हे उमगेपर्यंत दोनाची पाच वर्षं झाली. कामाला चोख, पण कशाला धरून राहणं नाही. मी कुणाबद्दल बोलतोय, ते माझ्यासारखे निघून गेलेले ओळखतील.

दर फोनला बाबांचं एकच, "कवा येशील?" माझंही एकच, "रिझल्ट येऊ दे, बाबा."

मग एकदा त्यांनी स्वतःहून फोन केला. "होडी इकली रं. आता घाई करू नको." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मोकळं केलं त्यांनी, आणि मी लॅबच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो.

पेपर छापून आला, मी इथलाच झालो. कोळीवाड्यात अजूनही जातो, चार दिवस पाहुणचार होतो. पण जिथे आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ते घर. ठाण्यात आता माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही.