सुनेने पाठवलेला वायरमन

"आधी बसा, बेन."

आमच्या घरात पाऊल टाकल्यावर त्या वायरमनच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. घर माझं, स्वयंपाकघर माझं, आणि हा माणूस मलाच बसायला सांगत होता. मी खुर्ची ओढली तर त्याने मान हलवली आणि बोटाने फरशी दाखवली. "तिथे नाय. खाली. तुमच्या घरात खाली बसून कोण चिरतं, ते बघायचंय."

"आमच्याकडे आता ओटा आहे," मी म्हटलं आणि उभीच राहिले.

खोटं कशाला बोलू, तो माणूस मला पहिल्या मिनिटापासून आवडला नाही. तुमच्याही ओळखीत असे कारागीर असतील. बोलावलेलं असतं एका कामाला, आणि ते अख्ख्या घराची तपासणी करून जातात. हा हद्दीवरच्या वेवजी गावचा. अर्धं आयुष्य हद्दीपलीकडे गुजरातेतल्या कारखान्यांत काढून आलेला, सुकलेला, खिशात टेस्टर, चष्म्याला दोरी. काम अव्वल, यात वाद नाही. डहाणूत ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचं नाव, आणि ज्याच्या त्याच्या मनात त्याने केलेला एखादा अपमान.

माझ्या शाळेतल्या एका बाईंनी स्वयंपाकघरात झुंबर लावायचं ठरवलं होतं. हौसेने आणलेलं. याने ते खोक्यातून काढलं, गोल फिरवून बघितलं आणि विचारलं, "फोडणीचं तेल यावर बसणार. पुसणार कोण, साहेब?" साहेब म्हणजे बाईंचे यजमान. ते पेपर वाचत होते. झुंबर पुन्हा खोक्यात गेलं ते गेलंच. दुसऱ्या एका घरात त्याने पिवळे दिवे लावायला साफ नकार दिला. म्हणाला, पिवळ्या दिव्याखाली शिळा मासा ताजा दिसतो, ते विकणाऱ्याला चालेल, खाणाऱ्याला चालणार नाही. बरोबर बोलायचा मेला. पण असा बोलायचा की ऐकणाऱ्याला मुद्दाम चुकावंसं वाटावं.

आमचं घर सरावलीला. दोन हजार सोळा साली आम्ही ते दुरुस्तीला काढलं. घरात तिघं. मी तलासरीला शाळेत शिक्षिका, नवऱ्याची नोकरी वापीला, आणि सासूबाई. त्या नरपडच्या, मच्छीमार घरातल्या. तरुणपणी टोपली घेऊन मासे विकलेल्या. त्या मासे साफ करायच्या ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीजवळ, विळीवर बसून. माझा सगळा जन्म त्या वासात जाणार, असं मला वाटायचं. नव्या स्वयंपाकघरात मला ओटा हवा होता, छताला पीओपी, त्यात सहा गोल दिवे, आणि मोरीच्या कोपऱ्यात छतापर्यंत जाणारं कपाट.

त्याने माझा कागद बघितला. मला ओट्यापाशी उभी केली, हातात सुरी दिली आणि बॅटरी माझ्या डोक्यामागून धरली. "बघा, दिवा पाठीमागे. चिरताय तिथे तुमचंच डोकं पडलंय. बोट कापून घ्यायची सोय." वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला दिव्याची पट्टी लावायची, उजेड हातावर पडला पाहिजे. मिक्सरचा पॉइंट सिंकपासून लांब. फ्रिज आधी ठरवा, बटण मग. नाहीतर बटण फ्रिजच्या मागे जातं आणि जन्मभर हात घालून शोधत बसता. मी मुकाट्याने सगळं मान्य केलं.

मग तो सासूबाईंकडे वळला. "मावशी, मासे कुठे साफ करता?"

इतक्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या लगबगीने विळी घेऊन कोपऱ्यात बसल्या. हा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यांचा हात कुठवर येतो, मान किती वाकते, सगळं बघितलं, आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पेन्सिलीने फुली मारली. "इथे एक दिवा. ओट्याची सावली मारायला."

"तिथे नको," मी म्हटलं. "तिथे कपाट येणार आहे."

"मग मावशी कुठे बसणार?"

"मागच्या पडवीत."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कपाटाला जागा आहे, मावशीला नाय. बरोबर ने?"

सासूबाईंच्या देखत! मी त्याला त्याच क्षणी चालतं व्हायला सांगितलं. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, माझे विद्यार्थी वाचतील. सासूबाई विळी मिटून उठल्या. "जाऊ दे गो," त्या म्हणाल्या, "पडवीत वारा पण लागतो."

बाकीचं काम दुसऱ्या माणसाने पुरं केलं. स्वयंपाकघर असं झालं की शेजारणी फोटो काढून न्यायच्या. सासूबाई पडवीत बसू लागल्या. तिथे पाठीमागे एक बल्ब, समोर मांजरं. एकदा संध्याकाळी मांदेली साफ करताना त्यांनी अंगठा कापून घेतला. पुढच्या आठवड्यात चार दिवसांसाठी म्हणून मुलीकडे नरपडला गेल्या. चार दिवसांचे चार महिने झाले, मग वर्ष. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. नवरा रविवारी एकटाच आईला भेटून यायचा आणि जेवताना ताटाकडे बघत बसायचा.

अठरा साली मी ते कपाट काढून टाकलं आणि नाक मुठीत धरून त्या वायरमनला बोलावलं.

तो आला. रिकामा कोपरा बघितला. "मावशी कुठे?"

"नरपडला, नणंदेकडे. तुम्ही दिवा लावा, मग आणते त्यांना."

"येणार म्हणाल्या?"

"अजून विचारलं नाही."

"मग उंची कुणाची घेऊ? तुम्ही तर खाली बसत नाय." टेस्टर पुन्हा खिशात गेला. "नणंद नरपडला कुठल्या आळीत?"

मी रागारागाने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. घरी येऊन काम न करता जाणारा वायरमन मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे दोन दिवस शाळेत मी त्याच्या नावाने बोटं मोडली. नरपडला मात्र गेले नाही. तो म्हणाला म्हणून जायचं? मी?

एकोणीसच्या उन्हाळ्यात तलासरीच्या बाजारात कळलं की तो गेला. ताप आला, तीन-चार दिवसांत आटोपलं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला आधी राग आला. या माणसाला मला एकदा तरी तोंडावर सांगायचं होतं की तुमचं खरं होतं, आणि तरीही तुम्ही अतिशय उद्धट आहात. ते आता राहूनच गेलं.

त्या रविवारी मी नवऱ्याबरोबर नरपडला गेले. सासूबाईंना परत चला म्हणायचं, असं ठरवून. त्या नणंदेच्या स्वयंपाकघरात खाली बसून बोंबील साफ करत होत्या. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर पांढरी पट्टी लागली होती. विळीचं पातं, त्यांची बोटं, अंगठ्यावरचा जुना वण, सगळं लख्ख दिसत होतं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "किती वाट बघायची गो? दिवा लावून वर्ष होत आलं."

"कुणी लावला?"

"कुणी म्हणजे? तूच पाठवलेलास ना त्याला? तो म्हणाला, सुनेने पाठवलंय, मावशीच्या हाताखाली अंधार नको म्हणते. ती न्यायला आली की तिकडेही असाच लावतो. मी सगळ्या आळीला सांगितलं."

मी "हो" म्हटलं. नवऱ्याला हे वर्षभर माहीत होतं; मी होऊन सांगेन म्हणून तो थांबला होता. मग मी तो वायरमन गेल्याचं सांगितलं. त्यांचा हात विळीवर थांबला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मग आता तुझ्या घरी कोण लावणार गो?"