ताईची बाग आधी

गावात त्याला सगळे चकाचक म्हणत. त्याच्या संत्र्याच्या बागेत वाळकं पान पडलं, तरी ते उचलायला तो भरल्या ताटावरून उठेल, अशी थट्टा चाले. थट्टा फारशी खोटी नव्हती.

पाण्याच्या पाटापलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीची बाग होती. आई लवकर गेली, त्यामुळे ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. नवरा वारल्यावर ती एकटीच झाडं सांभाळायची. तिनं हाक मारायचा अवकाश, चकाचक हजर असायचा.

एका दुपारी वादळ आलं आणि दोन्ही बागा आडव्या करून गेलं. बायको म्हणाली, आधी आपलं बघू. त्यानं ऐकलं नाही. करवत, दोर आणि बांबू घेऊन तो ताईकडे गेला. मोडक्या फांद्या उतरवल्या, कललेली झाडं टेकू देऊन उभी केली, मुळासकट उपटलेली ओढून नेऊन जाळली. खड्डेसुद्धा बुजवले. तुझी बाग तशीच पडलीय, असं ताई अधूनमधून म्हणायची. ती काय पळून जातेय का, असं म्हणून तो पुन्हा करवत उचलायचा.

तेवढ्यात सरकारनं मदत जाहीर केली आणि पंचनाम्याला साहेब आले. चकाचकच्या बागेत त्यांना पाऊल टाकायला जागा नव्हती. त्यांनी भराभर फोटो काढले. मग ते ताईच्या बागेत शिरले आणि बुचकळ्यात पडले. झाडं विरळ होती, पण बाग कशी लख्ख.

"साहेब, इथली निम्मी झाडं पडली होती. मीच उचलली," चकाचक म्हणाला.

"पडलेलं झाड दाखवा, लगेच लिहितो," साहेब म्हणाले. "निदान खड्डा तरी."

खड्डाही नव्हता. आधी फोटो काढून ठेवावा, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. शेजारी साक्ष द्यायला तयार होते, पण नुसत्या तोंडी बोलण्यावर लिहिता येत नाही, असं साहेबांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी ताईला वर अर्ज करायला सांगितलं. तिथूनही नकारच आला.

चकाचकला मात्र पुरती मदत मिळाली. गडी हुशार निघाला, बहिणीची बाग झाडून स्वतःचं घर भरलं, असं कुणीतरी बोललंच. ते त्याच्या जिव्हारी लागलं. पैसे घेऊन तो ताईच्या दारात गेला. तिनं हातही लावला नाही.

"तुझी मजुरी मीच द्यायची राहिलीय, आणि तू मला पैसे देतोस?" ती हसत म्हणाली. त्यानं हट्ट धरला, तशी ती गंभीर झाली. "तू तेव्हा आला नसतास, तर माझ्या मनाला जास्त लागलं असतं. आता हा विषय काढू नकोस."

हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

उरलेल्या झाडांवर ताईचं भागेना. पुढच्या वर्षी बाग विकून ती शहरात लेकीकडे राहायला गेली. चकाचकनं मदतीच्या पैशांतून लावलेली झाडं आता फळं देतात. हंगामाची पहिली पेटी तो तिला नेऊन देतो. ती लगेच इमारतीतल्या घराघरांत संत्री वाटायला निघते. माझ्या भावाच्या बागेतली आहेत, असं प्रत्येक दारात सांगते. तो मागे पेटी धरून उभा असतो, आणि कुणी बागेचं कौतुक केलं की मान खाली घालतो.