वाढत्या अंगाचा व्हाइस

रेवा आणि ईशान, मराठी तुम्हांला ऐकून कळतं, वाचायला जड जातं, म्हणून हे तुमची आई तुम्हांला वाचून दाखवेल. तिनेच ते मोठ्याने वाचावं अशी माझीही इच्छा आहे.

तुमचे आजोबा जाऊन सहा आठवडे झाले. परवा तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, बाबांच्या मशीनचं काय करायचं?" आणि बोलता बोलता म्हणाली, "तू त्यांना पटवलंस म्हणून मी मेकॅनिकलला गेले." फोन ठेवल्यावर मला जेवण जाईना. ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून आज लिहायला बसले.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आजोबा तेव्हा आखातात, शुऐबाच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही फहाहीलला राहत होतो. त्यांच्या कंपनीतला एक आयरिश सहकारी देश सोडून निघाला, तेव्हा त्याचं छोटं मिलिंग मशीन आजोबांनी घेतलं आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत बसवलं. त्यात वर कटर फिरतो आणि खालचं टेबल हळूहळू सरकवून लोखंड तासायचं असतं. ते लोखंड जबड्यात घट्ट धरायला टेबलावर व्हाइस लागतो, आणि तोच नव्हता.

एका गुरुवारी दुपारी आम्ही तिघं शुवैखला दाऊदभाईंच्या अवजारांच्या दुकानात गेलो. ते रत्नागिरीकडचे. तुमची आई तेव्हा बारावीत होती. तिने घरून टेबलाची मापं कागदावर लिहून आणली होती. आजोबांची नजर मात्र सहा इंची जबड्याच्या एका व्हाइसवर गेली होती.

"साहेब, मशीन केवढी हाय ते आधी सांगा," दाऊदभाई म्हणाले. "ह्यो मोठ्या मशीनचा हाय."

"असू दे. एकदाच घ्यायचा तर दणकट घ्यावा."

"बाबा, टेबल साडेचार इंचच रुंद आहे," तुमची आई म्हणाली.

"तू तुझा अभ्यास बघ."

आमच्या पिढीची खरेदीच अशी. तुमच्या आईचा शाळेचा गणवेश आम्ही दरवेळी वाढत्या अंगाचा घ्यायचो, आणि खालची दुमड मी दरवर्षी थोडी थोडी उसवायची. बूटही कापूस घालून. मोठं घेतलं की वाया जात नाही, एवढंच आम्हांला ठाऊक.

इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, आणि आजोबांनी मिळून तो व्हाइस कसाबसा वर आणला. टेबलावर ठेवला तर पुढूनही बाहेर, मागूनही बाहेर. टेबल मागे सरकवलं की तो मशीनच्या खांबाला आपटायचा. उंचीही त्याने इतकी खाल्ली की ड्रिल लावल्यावर खाली लोखंड ठेवायला जागाच उरेना. आजोबा घाम पुसत बघत राहिले.

तुमची आई दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मशीन वाढणार नाहीये."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. तो व्हाइस त्यांनी बाल्कनीच्या कोपऱ्यात ढकलला, वर जुना टॉवेल टाकला, आणि दोन आठवडे ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. त्याच दिवसांत तिचा पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. तिला मेकॅनिकल हवं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर लिहिलं होतं. "एसीत बसशील, जगात कुठेही नोकरी मिळेल. वर्कशॉप म्हणजे काय ते मला विचार." ती वाद घालत नव्हती. जेवत मात्र अर्धंच होती… फॉर्म फ्रीजवर पडून होता, आणि पाठवायची मुदत जवळ आली होती.

मग पुढच्या एका गुरुवारी ते तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "तो मापांचा कागद आहे का गं?"

टॉवेलात गुंडाळलेला व्हाइस घेऊन आम्ही परत शुवैखला गेलो. दाऊदभाई हसले. "काय साहेब, आज तरी माप आणलंत?"

"हिने आणलंय. हिलाच विचारा."

तिने तीन इंची निवडला. जबडा टेबलाच्या आत राहायला हवा, हे तिने दाऊदभाईंना कागदावर रेघ मारून दाखवलं. खालची फिरती बैठक तिने काढूनच ठेवायला सांगितली. "उंची खाते." दाऊदभाईंनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा दुसऱ्याच फळीवरचे पाने निरखत होते.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात हात धुवायला आले. नळ चालू ठेवूनच म्हणाले, "पोरीचा फॉर्मही मी असाच भरला गं. तिचं माप न घेता."

मी पोळी लाटत होते. तशीच लाटत राहिले.

शनिवारी सकाळी त्यांनी नवा कोरा फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. खाली सही केलेली. "शाखा तू लिही," म्हणाले आणि ड्यूटीला गेले. तुमच्या आईने येऊन मला मिठी मारली. "आई, तूच बोललीस ना?" तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण मुलीची अशी मिठी… मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पंचवीस वर्षं ते श्रेय मी वापरलं, आणि ते दोघं एकमेकांशी फक्त कटर आणि बेअरिंगबद्दल बोलत राहिले. आजोबांनाही कधी तिला सांगता आलं नाही. त्यांच्या घरात वडील चुकलो म्हणत नसत.

मनू, हे तू वाचते आहेस, म्हणून तुलाच सांगते. मी तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते. ते त्यांचं त्यांनाच उमगलं होतं.

मशीन विकायचं नाही. परत येताना आणलं तसं ते इथे नाशिकला मागच्या खोलीत आहे. व्हाइस त्यावर बसवलेला आहे, हँडल एका हाताने फिरतं. आणि तुझा मापांचा कागद मशीनच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला आहे, त्यांनी लावला होता तसाच.